मावशीचा रांजण

"भरलं पाणी फेकू नये बाई, पाप लागते."

आठवड्याच्या कोरड्या दिवशी, म्हणजे घरोघरची साठवणीची भांडी रिकामी करायच्या दिवशी, मी आरोग्य उपकेंद्रातून पाणी तपासायला निघाले, की सालेकसा भागातल्या त्या गावात हे वाक्य पहिल्याच दाराशी आडवं येई. वाक्यामागे मावशी, आणि मावशीमागे तिचा रांजण.

रांजण येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी. मावशी त्यात रोज वरून भर घाली, तळ कधी रिकामा होऊ देत नसे. मी टॉर्च मारून आतल्या अळ्या दाखवल्या.

"यांचेच डास होतात. चावले की चिकनगुनिया."

"कायले भेवाडतं? एवढ्याशा किड्यानं माणूस मरते का?"

"मरत नाही. वाकतो."

तेव्हापासून ती पाणी पदराने गाळून देऊ लागली. माझ्या शिकवणीचं एवढंच फळ.

त्या पावसाळ्यात गल्लीभर ताप फिरला. रांजणाचं पाणी पिणारे आणि न पिणारे, दोघांनाही सारखाच प्रसाद मिळाला. मावशीचा ताप उतरला, सांधे मात्र धरलेलेच राहिले. रक्ताच्या तपासणीत चिकनगुनिया आला. मावशीने दही सोडलं, चिंच सोडली. रांजण सोडला नाही.

रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत, तिची जागा पहिली. तिच्या चालीने बाकीच्या बाया धान लावत. आता बोटांत रोप धरवेना. ती बांधावर बसून ओरडे, "काऊन वाकडं लावून राहिली वं?" बाया हसत. पुढच्या रोवण्याला तिला कुणी बोलावलंच नाही.

मग ती उपकेंद्रात आली. "बाई, मूठ मिटली पाहिजे."

डॉक्टरांच्या गोळ्या दिल्या, कोमट पाण्यात बोटं हलवायला सांगितलं. "वेळ लागेल, मावशी."

"रोवणा थांबते का?"

त्या आठवड्यात तिने मला दारातूनच हाक मारली. "ये, करून घे तुझं पाप. माझी मूठ तर गेली. या पोरींच्या गेल्या तर धान लावाले बांधीत कोण उतरंल?"

तिच्या मनगटात जोर नव्हता. रांजण मी कलंडला. ती तोंड फिरवून उभी राहिली. न पाहिलेलं पाप लागत नाही म्हणे. पुढे दर आठवड्याला असंच चाले.

पुढे मूठ अर्धी मिटू लागली. तिला रोवण्यात जागा मिळाली, शेवटची. तिथूनही ती पहिलीवर ओरडे.

यंदा मावशी गेली. तेरवीला सुनेने सासूच्या पुण्यासाठी रांजण काठोकाठ भरला. पुढच्या कोरड्या दिवशी मी दाराशी पोचले, तेव्हा रोवण्याच्या साऱ्या बाया तिथेच बसलेल्या. मी रांजणाला हात घातला.

सगळ्यांनी तोंडं फिरवली.