मावशी आणि मोबाईलमधलं दुकान

चूक कोणाचीही असो, लाज मात्र आपणच वाटून घ्यायची, असं व्रत घेतलेलं माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच असेल आणि ते म्हणजे माझी शेवगावची मावशी. कंडक्टरने भलतंच तिकीट दिलं तर ही त्याचीच माफी मागते. पाहुण्यांसमोर वीज गेली की तारा जणू हिनेच तोडल्यात, अशी ओशाळते. शाळेत शिकवायची तेव्हा एखादं पोर नापास झालं की त्याच्या घरी जाऊन "माझंच शिकवणं कमी पडलं" म्हणायची. एका बापाने "व्हय बाई, मलाबी तसंच वाटतंय" असं तोंडावर सांगितलं, तेव्हा कुठे काकांनी तिच्या या फेऱ्या बंद केल्या.

अशा बाईच्या हाती स्मार्टफोन आला. रविवारी चर्चमध्ये पहिली ओळ म्हणून गाणं उचलायचं ते मावशीनेच, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. पण अलीकडे गीतांच्या पुस्तकातली अक्षरं तिला मुंग्यांसारखी दिसू लागली होती. मोबाईलवर तीच गीतं मोठ्या अक्षरांत मिळतात, असं कोणीतरी सांगितलं आणि ती त्या अ‍ॅपच्या दुकानात शिरली. आता मावशी साध्या कापडदुकानातूनही कधी रिकाम्या हाताने परतलेली नाही. दुकानदाराने चार साड्या उलगडल्या की न घेता उठायची तिला लाज वाटते. इथे तर बोट लावलं की दुकान नवीन काहीतरी उलगडायचं. "एवढं पुढे काढून दाखवलंय, नको कसं म्हणायचं रे?" असं म्हणत तिने क्रिकेटचं, वजन घटवण्याचं, झालंच तर जन्मकुंडलीचंसुद्धा अ‍ॅप घेतलं. आमच्या खानदानात पिढ्यान्‌पिढ्या कोणी कुंडली मांडलेली नाही! शेवटी गीतांसाठी फोनमध्ये जागाच उरली नाही. मी शनिवारी गेलो होतो, तेव्हा एकेक काढून टाकू लागलो, तर तिने तोंड फिरवून घेतलं. "कोणाच्या तरी लेकराने कष्टाने केलं असेल," म्हणाली.

जागा झाली, पण पुढचं तिने मला करू दिलं नाही. "आता मला जमेल." तिने 'मराठी ख्रिस्ती गीते' असं सावकाश लिहिलं. सगळ्यात वर मोठ्ठं हिरवं बटण आलं, ते दाबलं. काहीतरी उतरलं, पण त्यात गीतं दिसेनात. मग खालचं दाबलं, त्यात होती. वरचं बटण म्हणजे दुकानाचं दार असावं, अशी तिने समजूत करून घेतली.

रविवारी मी तिच्या शेजारीच बसलो होतो. पहिलं गीत तिने असं काही उचललं, की मागचे म्हातारेही ताठ बसले. मग पाळकांनी सगळ्यांना शांत प्रार्थनेला माना लववायला सांगितल्या. त्या शांततेत मावशीच्या हातातून एक खणखणीत बाई ओरडली, "या, या! पत्ते वाटलेत! खेळा रमी!" मावशीने सापडेल तिथे दाबलं, तर आवाज वाढला. फोन पदरात गुंडाळला, तरी ऐकू येईच. शेवटी ती फोनवर बसली. बाई खालूनही बोलावतच राहिली. पोरं फिदीफिदी हसली. मलाही हसू फुटणार होतं, पण मावशीच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या दिसल्या आणि माझीच मान आणखी खाली गेली. उपासना संपताच ती नेहमीसारखा कोणाला सलामही न करता घरी निघाली. त्यानंतर चर्चला गेलीच नाही. "माझ्यामुळे देवाच्या घरात जुगाराचा पुकारा झाला," एवढंच म्हणायची.

पुढे एकदा मी तिच्याकडे असताना चर्चच्या मंडळीतले एक वयस्कर शेतकरी आले. टोपी हातात फिरवत म्हणाले, "बाई, तुमी न्हाई आल्या की निम्मी मंडळी येका ओळीवर अन् निम्मी दुसरीवर. लई परवड हाय."

मावशी चहा ठेवायला उठू लागली.

"ती रमीवाली माझ्याबी फोनात हाय," त्यांनी आवाज बारीक केला. "सुनंच्या माहेरचे आल्ते, तवाच बोंबलली. बाजरीच्या कोठीत दडिवला फोन, तर कोठीतनं 'या, या'! व्याही माझ्याकडं बघाया लागले."

मावशी खळखळून हसली. मग हसल्याबद्दल तिने त्यांची माफी मागितली.

मी दोघांच्याही फोनमधून ती बाई घालवली आणि मावशीला त्या हिरव्या बटणाजवळ बारीक अक्षरात लिहिलेला 'जाहिरात' हा शब्द दाखवला. चष्मा वरखाली करत तिने तो वाचला. "एवढं बारीक?" ती म्हणाली. "लिहिताना लाज वाटली असेल रे बिचाऱ्यांना."

आता ती पुन्हा जाते. गाणंही तीच उचलते. फक्त पहिल्या ओळीआधी हातातल्या फोनकडे बघत क्षणभर थांबते, पूर्वी कधी थांबत नसे. पेटीवाला भाता धरून बसतो, पोरंसुद्धा गप्प होतात, आणि तिची भीती ओसरेपर्यंत सगळी मंडळी थांबून राहते.