वाकड्या जबड्याचा नट

माझ्या नाटक मंडळीत मी सोडून सगळे नट होते. मी मालक. बैलगाड्या जुंपायच्या, बाजाराच्या गावी मांडव घालायचा, तहसिलीतून उर्दूत लिहिलेली खेळाची परवानगी आणायची, रुसलेल्या नटाला समजावून जेवायला बसवायचं, ही माझी कामं. तोंडाला रंग लावायची मला कधी हिंमत झाली नाही. वसमत, औंढा, हिंगोली या टापूत आम्ही बरीच वर्षं फिरलो.

मंडळीचे दोन खांब होते. एक म्हातारा नट, जो दुष्ट प्रधान आणि कपटी सावकार करायचा. त्याला सगळे काका म्हणत. दुसरा तबलजी, शिरड शहापूरच्या मुसलमान पिंजाऱ्याच्या घरातला. बापाच्या कापूस पिंजायच्या आवाजावर आपला हात बसला, असं तो सांगायचा. सगळी नाटकं त्याला तोंडपाठ होती.

हट्टा गावी एकदा काकांनी भर खेळात राणीला केस धरून ओढलं. राणी म्हणजे आमचाच एक मिशा काढलेला नट. पण पुढं बसलेल्या एका पैलवानाला ते सहन झालं नाही. तो काठी घेऊन वर चढला आणि काकांच्या हातावर असा घाव घातला की हाड मोडल्याचा आवाज मी पडद्यामागं ऐकला. लोक टाळ्या वाजवत होते. मी पडदा पाडला आणि दोघातिघांनी पैलवानाला धरून खाली नेलं. काका घामानं निथळत होते, पण चेहरा खूश.

"मारलं म्हंजी पटलं," ते म्हणाले. "आजून काय पायजे?"

हात गळ्यात बांधून त्यांनी दुसऱ्या दिवशीचाही खेळ केला.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात मुलुखाची रया गेली. संस्थानाची बाजू घेणाऱ्या बंदुकवाल्यांच्या टोळ्या गावं लुटत होत्या, माणसं लेकरांना घेऊन पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात पळून चालली होती. मी मंडळी बंद करायचं ठरवलं. सामान भरून आम्हीही वऱ्हाडाकडे निघालो. जवळा बाजार मागं पडला आणि थोड्या अंतरावर, सकाळच्या उन्हात, टोळीनं गाड्या अडवल्या.

त्यांनी पेट्या फोडल्या. एका पेटीत तलवारी निघाल्या. हत्यारं कोणाला पोचवता, असं त्यांचा म्होरक्या विचारू लागला. त्या पत्र्याच्या आहेत, हे तो ऐकूनच घेईना. तेव्हा काका पुढं झाले, त्यांनी एक तलवार उचलली आणि गुडघ्यावर ठेवून वाकवून दाखवली. टोळीतलाच एकजण खो खो हसला. म्होरक्याला ते हसणं लागलं. त्यानं काकांच्या पोटात गोळी घातली.

रंगभूमीवर मरताना काका खूप बोलायचे. त्या दिवशी ते नुसती माती मुठीत धरून पाय घासत राहिले. मी त्यांच्याकडे धावलो, तर बंदुकीचा दस्ता माझ्या जबड्यावर बसला. तोंडात दात आणि रक्त एकच झालं. दुसऱ्या दणक्याआधी तबलजी मधे आला. ही नाटकवाली माणसं आहेत, मी यांच्यातलाच आहे, असं तो त्यांना त्यांच्याच भाषेत सांगत होता. तू आमचा असून यांच्यात वाजवतोस, असं म्हणून त्यांनी त्याचे हात गाडीच्या चाकावर धरले आणि दस्त्यानं बोटं ठेचली. मग पडद्यांना आग लावून ते निघून गेले.

गाडीवानांनी ओढ्याकाठी मांडवाच्या बांबूंवर काकांना अग्नी दिला. तबलजीनं मला उरलेल्या गाडीत घालून आपल्या घरी नेलं.

त्याचा बाप आधीच वारला होता. आईनं मला पातळ आंबील चमच्यानं पाजलं. हाड जुळलं, पण वाकडं. खालचा ओठ एका बाजूला ओढला गेला. मला 'प' म्हणता येईना, 'म' म्हणता येईना. तबलजी माझ्यासमोर बसून नाटकातली वाक्यं एकेक करून म्हणायला लावायचा. चिंध्या बांधलेल्या हातानं तो गुडघ्यावर ठेका धरायला जायचा आणि कळ आली की थांबायचा.

"बोल रे लेकरा," म्हातारी म्हणायची. "आवाज बंद झाला तर मानूस मेल्यावानीच."

पावसाळा सरता सरता भारताची फौज आली. टोळ्या पळाल्या. मला वाटलं, संपलं. पण आता कुऱ्हाडी दुसऱ्या हातांत आल्या. एका दुपारी जमाव गल्लीत शिरला. पुढं जो होता, त्यानं आमच्या मांडवासाठी कितीदा जागा दिली होती. मी दारात उभा राहिलो.

"मालक, बाजूला व्हा," तो म्हणाला. "ह्यांच्याच लोकांनी तुमचं तोंड मोडलं नव्हं?"

मी तबलजीला बाहेर ओढलं, त्याचा हात धरून वर केला. बोटं वाळलेल्या शेंगांसारखी वाकली होती.

"ह्ये माझ्यापायी मोडलेत," मी म्हणालो. "आता ये पुढं."

शब्द फाटके येत होते, पण आवाज मोठा होता. कोणीतरी माझ्या खांद्यावर काठी घातली. मी दार सोडलं नाही. ते थोडा वेळ घोटाळले आणि पुढं गेले. दोन घरांपलीकडून त्यांनी तबलजीच्या म्हाताऱ्या चुलत्याला बाहेर ओढलं आणि आमच्या डोळ्यांदेखत गल्लीत तोडलं. म्हातारीनं तोंडावर पदर दाबून धरला होता. मी दारातच उभा होतो, कारण मी हललो असतो तर ते परत आले असते.

त्या हिवाळ्यात हिंगोलीला एका मंडळीनं मला बोलावलं. त्यांच्या मालकानं माझा चेहरा निरखून पाहिला आणि जुलमी किल्लेदाराचं काम दिलं. रंग फारसा लावावा लागला नाही. मी पहिलं वाक्य बोललो आणि पुढच्या रांगेतलं एक लेकरू रडायला लागलं. मी तसाच बोलत राहिलो. भीतीनं माझा आवाज चढत होता, पण लोकांना तो किल्लेदाराचा राग वाटला. तेव्हापासून मी दुसऱ्यांच्या मंडळ्यांत दुष्ट म्हातारे, लंगडे शिपाई, खुनशी कारभारी, असलीच कामं करत आलो. मालक पुन्हा झालो नाही.

तबलजी तो खेळ बघायला आला होता. कसं झालं म्हणून मी विचारलं.

"'म' अजून साफ न्हाई," तो म्हणाला. "पन लोकं भेले."

तबल्यावर कोण बसलं होतं, ते त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्याला पहाटेच्या गाडीनं शिरडला परत जायचं होतं. आई एकटी होती, आणि कापूस पिंजायला आता घरात दुसरं कोणी उरलं नव्हतं.