माझ्या साडूचा बर्फ

जावई व्हावं तर माझ्या साडूसारखं. बाकीच्यांनी उगाच सासुरवाडीला जाण्याचा त्रास घेऊ नये. हे मी त्याच घरचा थोरला जावई म्हणून सांगतो आहे. मी मुरबाडचा, सासुरवाडी शेणव्याला. दर रविवारी मी तिथे हजर. विहिरीवरचा पंप मी दुरुस्त करून आणला, सासऱ्यांची दाढ मी नेऊन काढवली, आणि सासरे मला एकच प्रश्न विचारतात, "पाव्हणं, जेवून जानार ना?" साडू वर्षातून एकदा, मे महिन्यात उगवतो, आणि मग त्यांच्या प्रश्नांना अंत नसतो. कारण तो आटगावचा असून दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात जातो. बोटीवरून बर्फाखालचं पाणी काढून त्यात कोण राहतं ते बघतो. याचा पगार मिळतो, हे मला अजून पचलेलं नाही.

ताटात काय पडलं यापेक्षा ताटातल्या जिवाने मरण्यापूर्वी काय खाल्लं असेल, याचीच साडूला चिंता. तळलेल्या बोंबलाकडे तो असा बघतो की बोंबील उठून कबुली देईल. सासूबाईंना एकदा त्याने कोंबडीचा दिवसभराचा आहार विचारला. माझ्या आवडीनिवडीची कधी चौकशी न केलेली ती माउली पदर सावरून तासभर सांगत बसली.

गेल्या मे महिन्यात तर त्याने जेवताना अख्खा ध्रुव मांडला. "दादा, तुमची भाकरी द्या जरा. माझी मी खाल्ली." माझी गरम तांदळाची भाकरी उचलून त्याने तिच्या खालच्या अंगाला कोथिंबिरीची चटणी फासली. भाकरी म्हणजे गोठलेला समुद्र, चटणी म्हणजे बर्फाच्या पोटाला धरलेलं शेवाळ. खाली सुका जवळा पेरला, कारण तिकडेही जवळ्याचा एक थोरला भाऊ असतो आणि त्याची पिल्लं थंडीभर ते शेवाळ खरवडून जगतात. जवळ्यामागे मासा म्हणून बोंबील, पेंग्विन म्हणून कांदा, देवमासा म्हणून भरलं वांगं. मग तो कडेकडेने भाकरी तोडू लागला. हल्ली बर्फ उशिरा धरतो, लवकर फुटतो. चटणी गेली, जवळा गेला, वांगं एकटं राहिलं.

"मंग त्या पिलांनी खायाचं काय?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांचा घास हातातच होता.

"तीच तर पंचाईत, बाबा. पिलं येतात तवर पंगत उठलेली."

त्या उकाड्यात सासऱ्यांनी घोंगडी मागितली. सासूबाईंनी ती आणूनही दिली. भाकरी कोणाची होती, हे कोणीच विचारलं नाही. मी ताक पिऊन उठलो.

यंदा साडूची बोट लांबली आहे, फोनही लागत नाही. सासरे आता खाटेवरून उठत नाहीत, जेवणावर वासना नाही. परवाच्या रविवारी मात्र त्यांनी मला आयुष्यातला दुसरा प्रश्न विचारला. "पाव्हणं, ते बरफाचं तुमाला येतं का?"

येत कसं नाही? जळफळत ऐकलेलं माणूस विसरत नाही. मी भाकरी मागवली, चटणी फासली, जवळा पेरला, एक कांदाही चुकवला नाही. पिल्लं उपाशी राहिली तेव्हा वांगंही एकटं ठेवलं.

"बराबर सांगता तुमी," सासरे म्हणाले. "पन ते सांगतात तवा थंडी वाजते. आता नाय वाजली."

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी, कधी नव्हे ते, साडू या घडीला इथे हवा होता असं मनापासून वाटलं. मी आतून घोंगडी आणून सासऱ्यांच्या पायांवर घातली, नवी भाकरी घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला बसलो.