दोन पट्ट्यांमधला सूर

मुलांनो, तुमच्या नव्या की-बोर्डवर सूर किंचित उतरवून तुर्की गाणी वाजवता येतात, हे परवा फोनवर तुम्ही हौसेनं दाखवलंत. मी घाईनं फोन ठेवला, त्याचं कारण आता लिहून कळवते. असा सूर मी सत्तरच्या दशकात कराडला ऐकला होता, आमच्या शेजारी, बोटीवाल्या मामांकडे.

ऑर्गन वाजवताना मामा पट्ट्यांकडे कधी पाहत नसत. ते बायकोच्या पाठीकडे पाहत.

मामी दारात पाठमोऱ्या बसून तांदूळ निवडत. मामा बोटीवर असताना त्यांची लहानगी तापानं गेली, तेव्हापासून मामी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. पुढे तुर्कस्तानच्या एका बंदरात, लग्नाच्या बँडमध्ये, मामांनी हा विजेचा ऑर्गन ऐकला. पट्ट्यांच्या वर बारीक खटके होते. खटका दाबला की सूर उतरून दोन पट्ट्यांच्या मधे कुठंतरी जाऊन बसे. मामींच्या अंगाईत नेमका तसा एक सूर होता. मामांनी ऑर्गन विकत घेतला आणि बोटीवरची नोकरी सोडली.

"हिचा आवाज हितंच कुटंतरी अडकलाय," ते म्हणत.

"मामा, एखादं भजन वाजवा की," कॉलेजात शिकवणारे तुमचे आजोबा चेष्टा करत.

"आवं सायेब, तुमच्या कालिजात न्हाई शिकवत ह्ये!"

तो सूर लागला की मामींचे हात थांबत आणि मांडी हलू लागे, मूल निजवताना हलते तशी. मांडीवर नुसतं सूप असे. भर दुपारी माझ्या अंगावर काटा येई.

एकदा ऑर्गन घरघरू लागला, म्हणून मिरजेहून पेटी दुरुस्त करणारे कारागीर आले. मामा बाजारात गेले होते. त्या भल्या माणसानं घरघर तर काढलीच, शिवाय उतरलेले सगळे सूर आपल्या पेटीशी जुळवून दिले.

मामा परतताच ते म्हणाले, "लय बेसूर झालं हुतं, मामा. समदं सरळ केलं बगा!"

मामांनी एकेक पट्टी वाजवून पाहिली. आता खटका दाबून काही उपयोग नव्हता. मामींची मांडी हलेना.

मग खटका दाबल्यावर सूर किती उतरेल ते ठरवणारा आतला स्क्रू मामा रोज दुपारी अंदाजानं फिरवू लागले. एके दिवशी मीही तिथे होते. दारातून एक गंजलेला आवाज आला,

"आवं, आजून खाली. पोर उठंल."

मामांनी मान वळवली नाही. स्क्रू तेवढा फिरवला.

"आजून… हां. निजली."

त्यानंतर मामी बोलू लागल्या. मीठमिरचीचं, पाण्याचं, सगळं बोलत. पण हळू आवाजात, आतल्या खोलीकडे बघत. मी मामांना विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"बोलती हाय न्हवं, पोरी? मग कुणासंगं का बोलंना."

आमची सांगलीला बदली झाली. निरोप घ्यायला गेले, तर मामींनी ओठांवर बोट ठेवलं. "पाय वाजवू नगं." आत कुणी नाही हे मला माहीत होतं. तरी मी चपला हातात घेऊन उतरले.

दोघंही आता नाहीत. ऑर्गन इस्लामपूरला मामांच्या पुतण्याकडे आहे आणि अजून वाजतो. मामींनी सांगितलेल्या जागेवरून स्क्रू हलू नये म्हणून मामांनी त्यावर लाख ओतून ठेवली होती. ती कुणी फोडलेली नाही.