गमबूट काढून

अमेरिकेत प्लेनोच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत लेकीनं गमबूट डान्स बसवला होता. वर्णभेदाच्या दक्षिण आफ्रिकेत खाणीतल्या काळ्या मजुरांना बोलायची बंदी. ते गमबुटांवर थापा मारून एकमेकांशी बोलायचे. त्यातूनच हा नाच आला. कमिटीतले काका म्हणाले, "स्टेजवर बाप्पा आहेत. बूट काढून करू दे."

"काका, मग त्यात उरलं काय?"

"अहो, लहान मुलांचा डान्स आहे, कशाला इश्यू करता?"

लेक अनवाणी नाचली. पोटऱ्या लाल झाल्या, पण आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचला नाही. लगेच सत्कारासाठी स्पॉन्सर चकचकीत बूट घालून स्टेजवर चढले, बाप्पाशेजारी उभं राहून नारळ घेतला.

"काका, आता बूट?" मी ओरडले. सगळी कमिटी गप्प.

त्या मजुरांवर बंदी तरी होती. यांच्यावर कोणी घातली होती?