दोन कार्डं, एक काकू

निवृत्त झाल्यापासून इकडे उत्तरेत, दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या ओसरीवर बसून मी लोकांची सरकारी आरोग्य विम्याची कार्डं काढून देते. काम फुकटचं, त्यामुळे हक्क गाजवणारे फार. अर्धे कागद घरी विसरून यायचं आणि वर मलाच विचारायचं, "अजून झालं नाही?" मी चिडते, चार शब्द सुनावते आणि काम करून देते.

मागच्या वर्षी होळीनंतर समोरच्या घरातले काका-काकू आले. काका वेदपाठी, सत्तरीतही आवाज खणखणीत. काकूंना मात्र गल्लीतल्या दहा पायऱ्या चढताना दोनदा बसावं लागायचं. हृदयाची झडप बदलायची होती आणि डॉक्टर म्हणाले होते, फार दिवस थांबू नका. कार्ड झालं तर ऑपरेशन होणार होतं, नाही तर नाही. दक्षिणेवर चालणारं घर ते.

कुटुंब योजनेच्या यादीत होतं. काकांचं कार्ड लगेच निघालं, काकूंचं मात्र अडून बसलं. शेवटी मी त्यांना केंद्रावर घेऊन गेले. तिथल्या बाईनं आधार आणि रेशन कार्ड शेजारी शेजारी ठेवलं.

"माताजी, ये तो दो अलग औरतें हैं।"

रेशन कार्डावर काकूंचं सासरचं नाव होतं आणि आधारवर माहेरचं, वडिलांच्या नावा-आडनावासकट. आम्हा मराठी माणसांत लग्नात नवरा ताटातल्या तांदळांत अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. पेढे वाटले जातात आणि जुनं नाव तिथंच संपतं. हे त्या बाईला समजावताना माझा घसा कोरडा पडला. आडनाव बदललं हे तिला पटलं. पण नावसुद्धा?

परतताना मी काकूंवर उखडलेच. "आधारला हे नाव सांगितलंतच कशाला?"

"शिबिर होतं तेव्हा हे यज्ञाला गेले होते," काकू म्हणाल्या. "शिबिरातल्या मुलीनं नाव विचारलं. आजूबाजूला घरचं कोणी नव्हतं. शाळेचा दाखला होता जवळ, तोच दिला."

इतकी वर्षं समोर राहून मला काकूंचं ते नाव माहीत नव्हतं. याची मला लाज वाटली, पण ती नंतर. तेव्हा मला फक्त अर्ज दिसत होता. आधारवरचं नाव बदलायचं, प्रश्न मिटला. मी ओसरीवर बसून अर्ज भरला आणि काकूंच्या हातात पेन दिलं. त्यांनी ते खाली ठेवलं.

"हे नाही बदलायचं."

"अहो काकू, ऑपरेशन राहील!"

"राहू दे."

माझं डोकंच फिरलं. मी काकांकडे वळले, "तुम्ही तरी सांगा ना." काका उठले आणि चपला घालून निघून गेले. रागावले असणार, असं मला वाटलं.

पंधरा मिनिटांनी ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात काकूंचा तो शाळेचा दाखला होता. "रेशन कार्डावरचं बदलून मिळतं का गं?"

मिळत होतं, पण चकरा माराव्या लागणार होत्या. त्या काकांनी मारल्या, धोतर सावरत, उन्हात रांगेत उभं राहून. अर्जात दुरुस्तीचं कारण लिहायचं होतं. मी काही सुचवायच्या आत त्यांनी लिहिलं, 'यही असली नाम है.' जेठ महिना संपायच्या आत कार्ड हातात आलं.

भरती व्हायच्या दिवशी मीही सोबत होते. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "मरीज का नाम?" मी तोंड उघडणार, तोच काका पुढे झाले. त्यांनी ते नाव सांगितलं, मंत्र म्हणतात तसं, एकेक अक्षर स्वच्छ.

मागच्या बाकावरून काकूंनी ओ दिली.