खिडकीतली बाई

आमच्या आचऱ्यात काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सगळा गाव तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. गावपळण म्हणतात त्याला. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, काही म्हणून मागे ठेवायचं नाही. ते दिवस गाव आपला नसतो. कोणाचा असतो, ते विचारायचं नाही.

मागच्या खेपेला आमची मांजर मागे राहिली हो. नुकतीच व्यालेली, पिल्लं कुठे नेऊन लपवली देव जाणे. हाका मारून घसे बसले. शेवटी मुलाने दाराला कडी घातली आणि सात वर्षांची नात राहुटीपर्यंत रडत आली.

तिला गुंतवायला मी फणसाच्या लाकडाचे तुकडे बाहेर काढले. सुताराकडून मुद्दाम आणलेले, वरून तिरके कापलेले, म्हणजे छप्पर आयतंच. पॉलिश पेपरने घासायचे, रंगवायचे, दारं-खिडक्या काढायच्या, पुढ्यात शिंपल्यांचं तुळशीवृंदावन चिकटवायचं. आजूबाजूची पोरं जमली. ज्याने त्याने आपापलं घर केलं आणि वाळूत ओळीने मांडलं, तर आमची वाडीच उभी राहिली!

बघता बघता माझ्या अंगावर मात्र काटा आला. पलीकडे माडांआडून खरी वाडी दिसत होती, तीही अशीच. दारं बंद, धूर नाही, कोंबड्याची बांग नाही. आणि नातीच्या घराच्या खिडकीत एक बाई उभी होती. लाल लुगड्यातली. ब्रश जाड, म्हणून नाक-डोळे काढलेच नव्हते.

"ही कोण गो?"

"मांजरीक बघूक ठेवलंय."

शेजारचा पोरगा लगेच म्हणाला, "मेलंस! आता ती तुमच्या घरातच रवतली. तुका पेज वाढतली!"

"वाढांदे. तुझ्या आवशीपेक्षा बरी वाढतली."

हसले खरी, पण या दिवसांत रिकाम्या घरात कोणाला बसवायचं नसतं, चित्रातसुद्धा. मी पॉलिश पेपर उचलला. "पुसून टाकूया हां, बाय."

तिने घर पोटाशी धरलं. "मगे मांजरीक कोण बघतला, आजये? तू बघतलंस?"

मी पेपर खाली ठेवला.

परत यायचा कौल मिळाला तेव्हा गाव इतका गप्प होता की आपलीच पावलं मागून कोणी चालल्यासारखी वाजत होती. मुलाने कडी काढली, नात आत धावली. माजघरात मांजर पोट भरल्यासारखी पसरली होती आणि पिल्लं लुचत होती. सगळी होती. नात आनंदाने किंचाळली.

मी पिल्लांच्या खाली बघत राहिले. माझं जुनं लुगडं होतं ते, ट्रंकेवर ठेवलेलं. मांजर लुगडं ओढील, मान्य. पण चौघडी करून, कोपऱ्याला कोपरा जुळवून अंथरील?

"आये, तूच घातलं असशीत," मुलगा म्हणाला. "आठवणा नाय तुका."

असेल बापडं.

संध्याकाळी नात आपणहून ते लाकडी घर आणि पेपर घेऊन आली. "आता पुसूया तिका? काम झाला तिचा."

मीच तिचा हात धरला. "रवांदे गो. पिल्लांचे डोळे उघडांदेत, मगे बघू."

आणि तेवढे दिवस माजघरात जाताना मी दारात जरा खाकरून मगच आत पाऊल टाकत असे.